वाजवताय तुम्ही, ऐकू येतोय दुसराच: रॉक ड्रमरच्या एका जुनाट तक्रारीचं निवारण

तक्रार साधारण अशी असते. रेकॉर्डिंग ऐकलं, सगळं जागच्या जागी आहे, लय पळत नाही, एकही फिल (ठेका सोडून मध्येच वाजवलेली छोटी सजावट) चुकलेला नाही, पण हे वाजवणारा मीच आहे असं काही वाटत नाही. मध्यंतरी लेड झेपलिनचा बॉनम ऐकत होतो तेव्हा जिथे तिथे ट्रिपलेट (तीन-तीन समान ठोक्यांचे गट) येत होते. हल्ली 'द पोलीस' बँडचा स्टुअर्ट कोपलंड ऐकतोय तर हाय-हॅटवर (पायाने उघड-मिट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) नुसतं नक्षीकाम चाललंय. मग वैतागून सगळं ऐकणं बंद करायचं, काही दिवस साधंच वाजवायचं. जरा बरं वाटतं. पुढचा आवडता ड्रमर सापडला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यावर सहसा दोन उपाय केले जातात: आणखी फिल शिकायचे, नाहीतर नवं सिंबल (झांज) घ्यायचं. दोन्हींनी दुखणं जात नाही, कारण शोध भलत्या जागी चाललेला असतो. रॉक ड्रमरची ओळख फिलमध्ये फार थोडी असते. ती असते दोन फिलच्या मधल्या ठेक्यात, ज्याच्याकडे वाजवणाऱ्याचंच लक्ष नसतं. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स घ्या. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (करकरीत आवाजाचा मुख्य ड्रम) वाजवताना तो हाय-हॅटवरचा हात उचलून घ्यायचा. म्हणजे एका बारमध्ये हाय-हॅटचे आठ ठोके वाजवायचे तिथे सहाच वाजायचे, आणि बॅकबीट, म्हणजे स्नेअरचा तो ठोका, एकटा, मोकळा पडायचा. बाकी ठेका कुठल्याही नवशिक्याला येईल इतका साधा. तरी तो कोण वाजवतोय हे सांगायला फिल येण्याची वाट पाहावी लागत नाही.

तर तपासणीची सुरुवात ठेक्यापासून.

आधी बघा, दुखणं आवाजाचंच आहे का

मेट्रोनोम ८० वर ठेवा. हाय-हॅटवर आठ ठोके, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एक आणि तीनवर, स्नेअर दोन आणि चारवर. चार मिनिटं. फिल नाही, क्रॅश (जोरात मारायची मोठी झांज) नाही, मध्येच हाय-हॅट उघडायचा नाही. फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवल्या वाजवल्या ऐकलं की आपण कानांनी ऐकत नाही, हातांनी ऐकतो. काय वाजवायचं होतं तेच ऐकू येतं.

तिसऱ्या मिनिटापर्यंत कंटाळा येईल. यायलाच हवा. कंटाळा आला की माणूस दाखवायचं सोडून देतो आणि हात आपल्या सवयीवर जातात. आपल्याला तीच सवय पाहायची आहे.

ऐकताना जे जे वाकडं वाटेल त्याची नोंद करा. मग आणखी दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी, हीच चार मिनिटं रेकॉर्ड करा आणि नोंदी ताडून पाहा. चौथ्या मात्रेचा स्नेअर दुसऱ्या मात्रेपेक्षा दर वेळी थोडा जड पडतोय? दर वेळी असेल तर तो तुमचा स्वभाव. एकदा जड, एकदा हलका, एकदा उशिरा असेल तर ती चूक, आणि त्यावर उपाय रियाझाचा आहे, आवाज शोधण्याचा नाही. आवाज सापडत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं दुखणं हे दुसरं असतं. हात अजून एकसारखा पडत नाही, त्यामुळे त्यातून काही ओळखू येण्याइतकं टिकतच नाही. त्यांनी हा लेख इथेच ठेवून काही महिने संथ लयीत, ६० च्या आसपास, हेच वाजवावं. संथ लयीत लपायला जागा नसते.

काय ऐकायचं

सर्वात आधी तीन आवाजांचं एकमेकांशी असलेलं वजन. किक, स्नेअर, हाय-हॅट यांत सगळ्यात मोठं काय आहे? बहुतेक रॉक ड्रमरचा हाय-हॅट त्यांना वाटतं त्यापेक्षा खूप मोठा असतो. हे तपासायला फोन किटजवळ ठेवू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जमल्यास दाराबाहेर ठेवा. जवळच्या माइकला तुमचा समतोल कळत नाही, लांबच्याला कळतो. लेड झेपलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे ड्रम हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये ठेवले होते आणि माइक वर, जिन्याच्या मजल्यांवर लटकवले होते. एवढ्या लांबून टिपलेल्या आवाजात किक वाढव, हाय-हॅट कमी कर अशी मिक्सिंगची सोय फारशी उरत नाही. तो समतोल बॉनमच्या हातापायांतूनच आलेला आहे. त्याचे ट्रिपलेट हजारोंनी उचलले. सिंबलवर हात हलका आणि किकवर पाय भारी, हे त्याचं वजन फार थोड्यांनी उचललं, आणि तो ओळखू येतो त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

दुसरं, बॅकबीट नेमका कुठे पडतो. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची असते. स्नेअर क्लिकच्या (मेट्रोनोमच्या टिकटिकीच्या) १५-२० मिलिसेकंद मागे पडला तरी ठेका रेलून बसल्यासारखा वाटतो. तेवढाच पुढे पडला तर गाणं ढकलल्यासारखं वाटतं. रेकॉर्डिंग कुठल्याही साध्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि स्नेअरची शिखरं क्लिकच्या रेषेशी ताडून पाहा. इथे एक धोका आहे. हे आकडे पाहिले की रेषेवर नेऊन बसवायचा मोह होतो. तसं करू नका. फक्त माहीत करून घ्या की तुम्ही मागे बसणारे आहात की पुढे धावणारे. धावणाऱ्याने मागे बसणाऱ्याची नक्कल केली की ठेका रेललेला वाटत नाही, आळसलेला वाटतो.

तिसरं, हाय-हॅट किती घट्ट आहे आणि काठीचा कुठला भाग त्यावर पडतो, टोक की खांदा. चौथं, मोकळ्या जागेत डावा हात काय करतो. काहींचा हात अजिबात गप्प बसत नाही, स्नेअरवर कुजबुजत राहतो; काहींचा मांडीवर पडून असतो. दोन्ही चालतं. पण कुजबुजणारा हात असताना 'साधं वाजवायचं' म्हणून त्याला बांधून ठेवलं असेल, तर तुमचा आवाज कुठे गेला याचं उत्तर मिळालं.

नक्कल हे कारण नाही, एकाचीच नक्कल हे कारण आहे

नक्कल सोडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. नक्कल न करता शिकलेला एकही चांगला ड्रमर मला माहीत नाही. बिघाड होतो तो आपण एका वेळी एकाच्याच मागे लागतो आणि त्याचे फक्त ठोके उचलतो म्हणून.

टोटो या बँडच्या १९८२ च्या 'रोझॅना'चा ठेका घ्या. त्यांचा ड्रमर जेफ पोर्कारो याने तो कुठून जुळवला हे स्वतःच वाजवून समजावून सांगितलेलं आहे: ड्रमर बर्नार्ड पर्डीचा हाफ-टाइम शफल (ट्रिपलेटवर झोके घेणारा, बॅकबीट निम्म्या वेळा पडणारा ठेका), लेड झेपलिनच्या 'फूल इन द रेन'मधला बॉनमचा शफल, आणि किकवर गिटारवादक बो डिडलीचा ठेका. तिघांचीही नावं उघड. पर्डीच्या शफलमध्ये ट्रिपलेटचा मधला ठोका स्नेअरवर इतका हलका असतो की तो ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त, आणि बॅकबीट तिसऱ्या मात्रेवर येतो. पोर्कारोने ते तसंच ठेवलं, खाली पाय मात्र दुसरीकडूनच आणला. तीन उसनवाऱ्या, पण जो ठेका तयार झाला तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

डेव्ह ग्रोलनेही निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'मधले आपले ड्रम गॅप बँड, कॅमिओ अशा फंक आणि डिस्कोच्या वादनातून उचलल्याचं सांगितलेलं आहे. पंक, ग्रंज ऐकणाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तिथे कोणी शोधायला गेलं नव्हतं.

यातून निघणारा उपाय सोपा आहे, करायला मात्र वेळ लागतो. ज्या ड्रमरसारखे तुम्ही ऐकू येता त्याला बंद करू नका. तो कोणाला ऐकत होता ते शोधा आणि तिथे जा. ब्लॅक सॅबथच्या बिल वॉर्डसारखं वाजत असेल तर जॅझ ड्रमर जीन क्रुपा ऐका. वॉर्डच्या हातातलं झोके घेणं जॅझमधून आलं आहे आणि मेटल ऐकून ते कधीच सापडणार नाही. एकाच उगमातून दोन माणसं पाणी भरतात तेव्हा त्यांचे घडे सारखे असायचं कारण नसतं. मग रॉकच्या पूर्ण बाहेरचं एक काहीतरी उचला आणि त्याला तुमच्या नेहमीच्या ठेक्याच्या एकाच भागात बसवा: फक्त किकमध्ये, किंवा फक्त हाय-हॅटमध्ये. सगळीकडे एकदम बसवलं की ती पुन्हा नक्कलच होते, फक्त वेगळ्या माणसाची.

एक ठोके-मालिका उचलल्यावर ती मूळ जागी वाजवत बसू नका. स्नेअरवरची टॉमवर (किटमधल्या घुमणाऱ्या ड्रमवर) न्या. चौथ्या मात्रेवर सुरू होणारी दुसऱ्यावर सुरू करा. सोळाव्यांतली (मात्रेचे चार भाग करणारी) ट्रिपलेटमध्ये ओता. दोनदा-तीनदा फिरवल्यावर ज्या रूपात ती तुमच्या हाताला विनासायास येते ते ठेवा, बाकीचं विसरा.

शरीराची अडचण

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

बीटल्सचा रिंगो स्टार डावखुरा आहे, आणि त्याने आयुष्यभर उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेल्या किटवर वाजवलं. स्नेअरवरून टॉमवरून फ्लोअर टॉमकडे जाणारा फिल उजव्या हाताने सुरू केला की सुरळीत गोल फिरतो. डाव्याने सुरू केला की हात एकमेकांत अडकतात, मध्ये जागा सोडावी लागते. रिंगोच्या फिलमधल्या त्या अडखळल्यासारख्या, मोकळ्या जागा इथून आल्या आहेत. बीटल्सची गाणी वाजवणारे ड्रमर तोच फिल उजव्या हाताने 'नीट' वाजवतात आणि मग काहीतरी हरवलं असं त्यांना वाटत राहतं.

व्हेल्वेट अंडरग्राउंडची मॉरीन टकर उभी राहून वाजवायची; बास ड्रम आडवा ठेवलेला, हातात मॅलेट, सिंबल जवळपास नाहीच. कुठल्याही शिक्षकाने हे सगळं पहिल्याच दिवशी दुरुस्त केलं असतं.

तेव्हा स्वतःच्या किटवर बसून प्रामाणिकपणे पाहा की शरीर कुठे विरोध करतं. पाय लहान आहे, डबल किक जमत नाही, डावा मनगट कमजोर आहे, हात उंच टॉमपर्यंत पोचत नाही. यातलं जे दुखापतीकडे नेणारं आहे ते दुरुस्त करायलाच हवं. वेदना ही शैली नव्हे. पण जे फक्त गैरसोयीचं आहे ते काही काळ तसंच ठेवून त्याच्याभोवती वाजवून पाहा. फिल उलट हाताने सुरू करून बघा. जिथे हात अडकतो तिथे एक ठोका गाळा आणि गाळलेल्या जागी दुसरं काही भरू नका.

अडचण नसेल तर मुद्दाम घाला. गायक पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या तिसऱ्या सोलो अल्बमवर सिंबल वाजवायचीच नाहीत अशी अट होती. त्यावर वाजवणाऱ्या ड्रमर फिल कॉलिन्सला, नेहमी जिथे क्रॅश मारायचा तिथे काय करायचं हा प्रश्न दर वेळी नव्याने सोडवावा लागला. त्याच सत्रांत इंजिनिअर ह्यू पॅडगमने खोलीच्या माइकवर गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो तोडणारं यंत्र) लावून तो फुगलेला, झटकन तुटणारा ड्रमचा आवाज पक्का केला. सिंबलचा लांबणारा झणकार त्यात असता तर तो गेट इतका स्वच्छ बंद झालाच नसता. तुम्हाला गेट नको, पण अट उसनी घ्या. एका वेळी एकच वस्तू किटवरून काढा आणि बँडसोबत वाजवा. आधी क्रॅश काढा, कारण तो सगळ्यात जास्त सवयीने मारला जातो. हात उठतो, तिथे काही नसतं, आणि परत येताना तो जे करतो ते ऐकण्यासारखं असतं.

सामान

थोडक्यात. सामान आवाज देत नाही, असलेला आवाज दडपू मात्र शकतं. नवं काही घेण्याआधी आहे तोच स्नेअर तीन प्रकारे लावून पाहा: खूप ताणलेला, मध्यम, आणि सैल. चार मिनिटांची तीच चाचणी तिन्हींवर घ्या. ताणलेल्या स्नेअरवर काठी उसळते, त्यामुळे घोस्ट नोट्स (जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके) आपोआप वाढतात. सैलवर काठी बसते, हात कमी बोलतो. कुठल्या लावणीवर तुम्ही वाजवायचं विसरून ऐकायला लागता ते बघा. किकमध्ये उशी ठासून भरलेली असेल तर एकदा काढून वाजवा. आवडणार नाही कदाचित, पण पाय वेगळा पडेल.

इलेक्ट्रॉनिक किटवर सराव करणाऱ्यांसाठी वेगळी नोंद. पॅडची सेन्सिटिव्हिटी फार वाढवलेली असेल तर हलका आणि जड ठोका जवळजवळ सारखाच वाजतो, आणि काही महिन्यांत हात ते शिकतो. ध्वनिक किटवर आल्यावर 'सपाट वाजतंय' अशी तक्रार असेल तर दोष आधी तिथे शोधा. मॉड्यूलमधला (पॅडचा आवाज काढणाऱ्या डब्यातला) व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे किती जोराला किती आवाज हे प्रमाण, असा लावा की पूर्ण मोठ्या आवाजासाठी खरोखर जोर लावावा लागेल.

सरावात होता, स्टुडिओत गेला

हा प्रकार हल्ली फार. तालमीत सगळ्यांना तुमचं वाजवणं ओळखू येतं आणि तयार गाण्यात कुठलाही ड्रमर चालला असता असं वाटतं. अशा वेळी स्वतःला दोष देण्याआधी कच्चा टेक मागून घ्या. रॉकच्या मिक्सिंगमध्ये प्रत्येक ठोका ग्रिडवर (मात्रांच्या आखीव रेषांवर) ओढून बसवणं आणि स्नेअर-किकच्या जागी तयार सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले ठोके) टाकणं सर्रास चालतं. वर जे मोजलं, म्हणजे बॅकबीटचं मागेपुढे असणं आणि ठोक्यांची वजनं, ते या दोन गोष्टी पुसून टाकतात. पहिलीने जागा जाते, दुसरीने वजन.

इंजिनिअरशी भांडू नका, आधी बोला. क्वांटाइझ करायचंच, म्हणजे ठोके ग्रिडवर ओढायचेच, असेल तर शंभर टक्के न ओढता अर्धवट ओढता येतं. सॅम्पल मूळ स्नेअरच्या जागी न टाकता त्याच्या खाली हलकं मिसळता येतं, म्हणजे घोस्ट नोट्स जगतात. आणि एकदा तरी क्लिकशिवाय टेक घेऊन पाहायचा आग्रह धरा. गाण्याच्या कडव्यात तुम्ही किंचित मागे येत असाल आणि कोरसमध्ये किंचित पुढे, तर गिटारवादकही त्याच्याच आधाराने वाजवत आलेले असतात. क्लिक लावल्यावर सगळ्यांचंच काहीतरी बिनसतं आणि आळ ड्रमरवर येतो.

तरीही परत आलं तर

येईल. नवा ड्रमर आवडला की काही आठवडे हात त्याच्यासारखे वागणारच, त्यात बिघाड काही नाही. बिघाड तेव्हा, जेव्हा चार मिनिटांच्या साध्या ठेक्यातही तोच ऐकू येतो. म्हणून ती रेकॉर्डिंग जपून ठेवा, तारीख टाकून. नवी तक्रार आली की जुनीशी ताडून पाहा. फिल बदलले आहेत आणि ठेका तोच आहे? मग काळजी सोडा, हा पाहुणा आहे, जाईल. ठेक्याचं वजनच बदललंय? मग तुम्हाला विचारावं लागेल की ते आवडतंय का. आवडत असेल तर ते आता तुमचं आहे. ड्रमर नील पिअर्ट रश या बँडसोबत वीस वर्षं वाजवून जगभर नावाजला गेल्यावर, १९९० च्या दशकात, ड्रमशिक्षक फ्रेडी ग्रूबरकडे शिकायला बसला आणि काठी धरण्यापासून हाताची सगळी हालचाल नव्याने बांधली. त्यानंतरचं रशचं वादन ऐका. हालचाल बदलली, तरी माणूस ओळखू येतो.

आणि बँडमधल्या कोणी 'आधी बरं वाजवायचास' असं म्हटलं, तर नेमकं कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी, ते विचारून घ्या. बहुतेक वेळा ती जागा फिलची नसते. गायक श्वास घेतो आणि तुम्ही काहीच वाजवत नव्हता, अशी कुठलीतरी ती असते. तिथे सध्या काय वाजवताय ते पाहा आणि तेवढं काढून टाका.